कुळागर गहाण ठेवण्याआधी

पत्र: कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं युनिट आहे. वडिलांनी मोटार आणि ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंगपासून सुरुवात केली. ते गेल्यानंतर मी आणि धाकटा भाऊ उच्च दाबाचे चार्जिंग सप्लाय आणि पल्स जनरेटर, म्हणजे क्षणभराचा जोरदार विजेचा झटका देणारी यंत्रं, बनवतो. वर्षाला सहा-सात यंत्रणा जातात, बहुतेक संशोधन संस्थांना आणि महाविद्यालयांना. गोव्याबाहेरच्या एका सरकारी प्रयोगशाळेने अशा यंत्रणांचं संरक्षण करणारी जोडणी शोधली आहे. आत कुठे भलत्या ठिकाणी आर्क (विजेची ठिणगी) पडला, की काही मायक्रोसेकंदांत तो ओळखून ती कपॅसिटर बँकेतली, म्हणजे वीज साठवणाऱ्या कपॅसिटरांच्या संचातली, ऊर्जा दुसऱ्या वाटेने जिरवते. परवान्यासाठी एकरकमी १५ लाख, पूर्ण यंत्रणेच्या विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी आणि दरवर्षी किमान २ लाख, अशा त्यांच्या अटी आहेत. परवाना फक्त आम्हाला मिळणार नाही, इतरांनाही मिळू शकतो. काका म्हणतात, एकट्याला मिळत असेल तरच घ्या. भाऊ म्हणतो, पेटंट इंटरनेटवर आहे, वाचून बनवू; ट्रिगरच्या, म्हणजे पल्स सोडणाऱ्या भागाच्या, बाबतीत त्याच्या डोक्यात वेगळी कल्पनाही आहे. पैसे उभे करायचे तर सावईवेऱ्याचं कुळागर (पोफळी-नारळाची बाग) गहाण ठेवावं लागेल. आई एवढंच विचारते: हे यंत्र ऐन वेळी चाललं नाही तर कोणाला लागेल? पुढच्या महिन्यात प्रयोगशाळेत बैठक आहे. काय करावं?
— एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर:

तुमच्या आईंचा प्रश्न आधी घेतो. पत्रातले बाकीचे प्रश्न पैशांचे आहेत आणि त्यांची उत्तरं याच एका उत्तरावर अवलंबून आहेत.

तुमच्या एखाद्या गिऱ्हाइकाकडे १०० मायक्रोफॅरडची बँक १० किलोव्होल्टपर्यंत भरलेली आहे असं धरू. हिशेब तुम्हाला पाठ असेल, पण काकांसाठी लिहितो: ती ५००० ज्यूल ऊर्जा झाली. अर्धा टन वजन एक मीटर उचलायला साधारण एवढीच लागते. मात्र ती १० मायक्रोसेकंदांत बाहेर पडली तर तेवढ्या क्षणापुरती शक्ती ५०० मेगावॅट होते. बँकेत दहा कपॅसिटर समांतर जोडलेले असतील आणि त्यातला एक आतून शॉर्ट झाला, तर उरलेले नऊ आपली ४५०० ज्यूल त्या एकाच डब्यात ओततात. तेलाने भरलेला पत्र्याचा डबा आधी फुगतो, मग फाटतो. पॅनेलमधला सर्किट ब्रेकर तिथे काही करू शकत नाही. तो मिलिसेकंदांच्या हिशेबात उघडतो, आणि उघडला तरी फक्त चार्जिंग तोडतो. बँकेत आधीच भरून ठेवलेल्या ऊर्जेपर्यंत त्याचा हात पोचत नाही. स्विच आयजीबीटीचा (ट्रान्झिस्टरच्या जातीचा) असेल तर शॉर्टमध्ये तो जेमतेम १० मायक्रोसेकंद तग धरतो. तेवढ्या वेळात दोष ओळखणारी आणि ऊर्जा बाजूला वळवणारी जोडणी कोणी खरोखर बनवली असेल, तर त्या शोधाला किंमत आहे. तुम्ही मोहात पडला आहात असं मला मुळीच वाटत नाही.

आता आईंना उत्तर. ते चाललं नाही तर लागेल यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाला. तो बहुधा गिऱ्हाइकाकडचा तंत्रज्ञ असेल किंवा एमएस्सीचा विद्यार्थी. यंत्राभोवतीच्या पिंजऱ्यावर नेमप्लेट तुमची असेल. प्रयोगशाळेच्या करारात नेहमी एक कलम असतं, की तंत्रज्ञान आहे तसं दिलं आहे, त्याच्या वापरातून होणाऱ्या हानीची जबाबदारी आमची नाही. हे कलम काढून मिळत नाही, त्यात वेळ घालवू नका. त्याचा अर्थ मात्र नीट समजून घ्या: हा शोध कोणत्या परिस्थितीत चालत नाही हे तुम्हाला प्रयोगशाळेइतकंच माहीत असायला हवं. १५ लाख द्यायचे ते या माहितीसाठी द्या.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तरुणपणी मी ज्या कंपनीत होतो, तिने अशाच एका पल्स यंत्रणेचा परवाना घेतला होता. कागदपत्रांच्या तीन जाड फायली आल्या. ड्रॉइंग होती, पार्टलिस्ट होती, टेस्ट रिपोर्ट होते. एक ओळ कुठेच नव्हती: सुटा करून ठेवलेला कपॅसिटर दोन्ही टर्मिनलना तांब्याची तार बांधूनच ठेवायचा. डिस्चार्ज केल्यावरही त्याच्या आतल्या डायइलेक्ट्रिकमध्ये थोडा चार्ज मुरलेला राहतो आणि काही वेळाने टर्मिनलवर पुन्हा व्होल्टेज चढतं. मूळ प्रयोगशाळेत हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं, कारण तिथे लिहायची गरजच पडली नव्हती. तिथला एक जुना तंत्रज्ञ प्रत्येक कपॅसिटरला न चुकता तार बांधायचा आणि बाकीचे त्याचं बघून बांधायचे. आमच्याकडे तो माणूस नव्हता. माझ्या एका सहकाऱ्याने रॅकवरचा कपॅसिटर उचलला. तो जगला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. तेव्हापासून परवान्याचा कुठलाही मसुदा हातात आला, की मी पहिल्यांदा एकच शोधतो: यात माणसं किती दिवस मिळणार आहेत?

तुमच्या मसुद्यातही हेच शोधा. कागदपत्रांचं हस्तांतरण एवढाच शब्द असेल तर तो पुरेसा नाही. संशोधक आणि त्यांचे तंत्रज्ञ मिळून किती दिवस तुमच्या शेडमध्ये येणार, तुमची दोन माणसं किती दिवस त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणार, पहिलं युनिट उभं राहिल्यावर वर्षभरात किती वेळा फोनवर आणि किती वेळा प्रत्यक्ष मदत मिळणार, हे आकड्यांत लिहून घ्या. आणि बिघाडांची नोंदवही मागा. यशस्वी चाचण्यांचा आलेख सगळेच दाखवतात. तुम्ही विचारा, किती हजार पल्समध्ये ही जोडणी दोष नसताना उगाच सुटली? हा प्रश्न मी मुद्दाम पुढे काढतो. स्पार्क गॅप (ठिणगीने जोडला जाणारा स्विच) पेटतो तेव्हा आजूबाजूच्या प्रत्येक तारेत गोंगाट उठतो. संरक्षणाचा सेन्सर त्याला दोष समजला, तर प्रयोग दर अर्ध्या तासाला थांबतो. मग कंटाळलेला ऑपरेटर एक दिवस जंपर लावून संरक्षणच बायपास करतो. मी असे जंपर पाहिले आहेत, त्यातले काही तर नीट लेबल लावलेले होते. उगाच सुटणारं संरक्षण आठवड्याभरात बंद पडतं आणि गिऱ्हाईक मात्र ते आहे या भरवशावर राहतं.

दुसरी मोठी गोष्ट गोव्याची आहे. ही जोडणी वातानुकूलित, कोरड्या खोलीत तपासलेली असणार. तुमची शेड कुंडईला आहे. आपल्याकडे पावसाने इंचांची शंभरी ओलांडली की ती वर्तमानपत्रात बातमी होते, पण जुलैत इन्सुलेटरवर हात फिरवला की बोटाला जी ओल लागते तिची कोणी बातमी करत नाही. हवा स्वतः दमट झाली म्हणून लगेच फुटत नाही, तिला सेंटिमीटरला ३० किलोव्होल्टच्या आसपास लागतातच. घात करतो तो पृष्ठभागावरचा ओलावा, आणि किनाऱ्याकडच्या गिऱ्हाइकाकडे त्यात मीठ मिसळतं. ओल, धूळ आणि क्षार यांचा पातळ थर बसला की करंट इन्सुलेटरच्या अंगावरून सरपटत जातो आणि फ्लॅशओव्हर होतो. संरक्षणाच्या जोडणीतच फ्लॅशओव्हर झाला तर दोष ओळखणार कोण?

अर्थिंगचंही तेच. आपली जमीन चिऱ्याची. एप्रिल-मेमध्ये ती सुकते तेव्हा अर्थ पिटचा रेझिस्टन्स किती चढतो हे तुमच्या वायरमनला विचारा. त्याहून महत्त्वाचं, वेगवान पल्सला रेझिस्टन्सइतकीच तारेची लांबी नडते. साध्या तारेला मीटरमागे साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो. करंट मायक्रोसेकंदाला एक किलोअँपिअर या वेगाने चढला, तर त्या तारेच्या प्रत्येक मीटरवर एक किलोव्होल्ट उभा राहतो. काही पल्स याहून कितीतरी वेगाने चढतात. प्रयोगशाळेने अर्धा मीटर लांबीच्या रुंद पट्टीने केलेली जोडणी तुमच्या फिटरने सोयीसाठी दोन मीटर तारेने केली, तर ड्रॉइंग तेच राहील आणि संरक्षण नाहीसं होईल. अशा बारक्या गोष्टी पेटंटात नसतात, त्या फिटरच्या डोळ्यांत असतात. आणखी एक: मे महिन्याच्या वादळात वीज गेली तर ही जोडणी काय करते? कंट्रोल सप्लाय गेला की डंप रिले (बँकेतली ऊर्जा जिरवणारा स्विच) स्प्रिंगने किंवा स्वतःच्या वजनाने आपोआप बंद होऊन बँक रिकामी व्हायला हवी. वीज असेल तरच वाचवणारं संरक्षण आपल्याकडे कामाचं नाही.

म्हणून बैठकीत आधी परवाना मागू नका, मुदत मागा. सहा ते नऊ महिन्यांचा चाचणी करार करा, थोडकी रक्कम द्या, आणि ती पुढे परवान्याच्या रकमेत वळती होईल असं लिहून घ्या. त्या काळात एक नमुना तुमच्याच शेडमध्ये, तुमच्याच बँकेवर, पूर्ण पावसाळाभर चालवा. चवथीच्या सुट्टीत बंद शेडमध्ये तसाच पडू द्या आणि सुट्टीनंतर पहिल्या दिवशी काय करतो ते पाहा. इन्सुलेशनच्या प्रमाणित चाचण्या बेंगळुरूच्या सेंट्रल पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये होतात. तिथला अहवाल गिऱ्हाइकाला दाखवायला उपयोगी पडेल, पण जुलैतल्या कुंडईची जागा तो घेणार नाही.

आता पैसे. १५ लाखांवर १८ टक्के जीएसटी धरला तर हातातून १७ लाख ७० हजार जातात. इनपुट क्रेडिट नंतर मिळेल, रोख आधी लागते. ही रक्कम एकदम देऊ नका. एक हप्ता सहीला, एक कागदपत्रं आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर, आणि सगळ्यात मोठा हप्ता तुम्ही बनवलेलं पहिलं युनिट तुमच्या शेडमध्ये ठरलेल्या चाचण्या पार करील तेव्हा. सरकारी प्रयोगशाळा हप्त्यांना सहसा नाही म्हणत नाहीत. तंत्रज्ञान बाहेर जाऊन वापरात आलं हे त्यांनाही दाखवायचं असतं.

रॉयल्टीचं कलम मला पटत नाही. संरक्षणाचा संच ४ लाखांचा आणि त्यासकट पूर्ण यंत्रणा ४० लाखांची धरा. पूर्ण यंत्रणेवर ५ टक्के म्हणजे २ लाख. संचाची निम्मी किंमत रॉयल्टीतच गेली, आणि तीही तुमच्या वडिलांच्या काळापासून तुम्हीच बनवत असलेल्या ट्रान्सफॉर्मरवर. फक्त संचाच्या किमतीवर, जीएसटी आणि वाहतूक वगळून ५ टक्के घेतले तर २० हजार होतात. हा फरक नम्रपणे पण ठामपणे मांडा. मात्र हिशेब इथे थांबत नाही. संचावर रॉयल्टी धरली तर किमान २ लाख भरून निघायला वर्षाला दहा संच विकावे लागतील, आणि तुमच्या सगळ्या मिळून सहा-सात यंत्रणा जातात. या धंद्यात गिऱ्हाइकं मोजकी. एक टेंडर निघायला वर्ष लागतं, निघालेलं टेंडर मार्चमध्ये पुढे ढकललं जातं. त्यामुळे पहिली दोन वर्षं किमान रॉयल्टी नको, नंतर ती तुमच्या खऱ्या विक्रीवर होणाऱ्या रॉयल्टीच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. छोट्या कारखान्यांना एकरकमी फीपेक्षा हे किमान रॉयल्टीचं कलमच जास्त बुडवतं.

काकांचा आग्रह मला कळतो, पण इथे तो सोडून द्यावा असं सांगेन. सार्वजनिक पैशातून झालेल्या शोधाचा परवाना प्रयोगशाळा शक्यतो अनेकांना खुला ठेवतात. एकट्याला मिळाला तरी त्याची किंमत वर चढेल आणि ठरलेल्या मुदतीत इतकी विक्री दाखवा ही अटही मागून येईल. त्याऐवजी दोन साध्या गोष्टी मागा. तुमच्या प्रकारच्या यंत्रणांसाठी पहिलं वर्षभर दुसऱ्या कोणाला परवाना देऊ नये, आणि नंतर कोणाला कमी दरात दिला तर तोच दर तुम्हालाही मिळावा. खरं कुंपण परवान्याने पडत नाही. पावसाळ्यात चालणारा संच बनवता येणारे पहिले तुम्ही असलात, तर कागदावरच्या मक्तेदारीपेक्षा ते टिकाऊ आहे.

भावाला सांगा, पेटंट वाचणं चांगलंच आहे, आणि आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे केवळ प्रयोगासाठी किंवा संशोधनासाठी वस्तू बनवून पाहायला मोकळीक आहे. विकायला बनवणं मात्र उल्लंघन होईल, आणि तुमची गिऱ्हाइकं तर त्याच वर्तुळातल्या संस्था आहेत. कळायला वेळ लागणार नाही. त्याची हुशारी दुसरीकडे वापरा. पेटंट कार्यालयाच्या शोध-संकेतस्थळावर जाऊन त्याने पाहावं: अर्ज फक्त प्रसिद्ध झाला आहे की पेटंट मंजूर झालं आहे, नूतनीकरणाची फी भरलेली आहे का, आणि अर्जाची तारीख कोणती. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं. अर्ज ११ वर्षांपूर्वीचा असेल तर तुम्ही नऊ वर्षांचा माल विकत घेत आहात, हे दर ठरवताना बोला. मालक म्हणून कोणाकोणाची नावं आहेत तेही पाहा. दुसऱ्या संस्थेचा पैसा किंवा कोणाचा प्रबंध त्यात असेल तर सगळ्यांची संमती कागदावर हवी.

त्याला आणखी एक काम द्या. तुम्ही लिहिलं आहे की ट्रिगरच्या बाबतीत त्याच्या डोक्यात वेगळी कल्पना आहे. बैठकीला जाण्याआधी, गोपनीयतेच्या करारावर सही करण्याआधी, ती आकृतीसकट वहीत लिहून तारीख घालून दोघांनी सह्या करा. एकदा प्रयोगशाळा आतून पाहिली की कोणती कल्पना कोणाची हे सिद्ध करणं अवघड जातं. आणि मसुद्यात, तुम्ही केलेली सुधारणा सर्वस्वी प्रयोगशाळेची होईल असं काही असेल, तर कलम १४० कडे बोट दाखवा. परवानाधारकाच्या सुधारणा फक्त परवाना देणाऱ्याकडेच जाव्यात अशी अट त्या कलमाने बेकायदा ठरते. सुधारणा त्यांनाही वापरू द्यायची असेल तर खुशाल द्या, तुमच्याकडून हिरावून जाऊ देऊ नका.

वकिलाकडे बघण्यासारखं थोडं उरतं. करार लेखी हवा आणि पेटंट कार्यालयात त्याची नोंद हवी. गोव्याचं काम मुंबईच्या कार्यालयात चालतं. पेटंट प्रत्यक्ष वापरात आहे का याचं विवरण परवानाधारकालाही दर तीन आर्थिक वर्षांनी भरावं लागतं, ते तुमच्या सीएच्या वहीत टाकून ठेवा. परदेशातून मागणी आली तर माल पाठवण्याआधी स्कोमेट यादी, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची सरकारी यादी, तपासा. ठरावीक मर्यादेपलीकडचे पल्स कपॅसिटर आणि ट्रिगर्ड स्पार्क गॅप जगभर नियंत्रित वस्तू आहेत, विनापरवाना गेले तर गुन्हा आहे.

कुळागराबद्दल. तुमच्या आईवडिलांचा लग्नाच्या वेळी वेगळा करार झालेला नसेल, तर गोव्याच्या कायद्याने त्यातला अर्धा हिस्सा आईंचाच आहे. वडिलांच्या मागे इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटून देणारी कोर्टाची प्रक्रिया) झाली नसेल तर बँकही पुढे सरकणार नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत विचाराल तर ते गहाण ठेवू नका. वर सांगितलेले हप्ते मिळाले तर पहिल्या वर्षी तुम्हाला लागणारी रक्कम तुमच्या चालू ओव्हरड्राफ्टमध्ये बसण्यासारखी होईल. हप्ते मिळाले नाहीत, माणसांचे दिवसही लिहून मिळाले नाहीत, तर परत या आणि आहे तेच काम पुढे चालवा. दहा लाख कमी करतो, पण प्रशिक्षण नाही, असं म्हणाले तरी परत या.

बैठक बहुधा अधिकारी आणि मुख्य संशोधक घेतील. चहा होईल, सादरीकरण होईल. ते संपलं की यंत्र प्रत्यक्ष पाहायचं आहे असं सांगा आणि ते रोज चालवणाऱ्या तंत्रज्ञाला भेटल्याशिवाय निघू नका. पेटंटावर त्याचं नाव नसेल. त्याला विचारा, सकाळी चालू करताना तुम्ही पहिल्यांदा कशाला हात लावता, आणि कशाला कधीच लावत नाही. भावाला वही घेऊन शेजारी उभं करा.